झिऱ्याचं पाणी: खानदेशातील मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडिलांना खुलं पत्र

गिरणाकाठापासून तापीकाठापर्यंतच्या आपल्या मंडळ्यांचे सन्माननीय पाळक, वडील आणि पंच यांस,

प्रभु येशूच्या नावात सलाम.

मी पाटबंधारे खात्यात 34 वर्षं पाणी मोजलं. पाटकरी म्हणून लागलो, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आवर्तन सुटलं की गेजपट्टीवर किती फूट चढलं, चारीला किती क्युसेक सोडलं, त्यातलं टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचलं, कोणाचा पाणीमागणीचा नमुना 7 भरलेला आहे आणि कोण रात्री दार उचलून चोरून भिजवतो, यातच माझी उमर गेली. पाणी मोजू नका असं मी कोणाला सांगेन, यावर माझ्या जुन्या सोबत्यांचा विश्वास बसणार नाही. तरी आज नेमकं तेच सांगायला बसलो आहे.

पावसाळ्याआधी आपल्या भागातल्या काही मंडळ्यांची एकत्र बैठक आहे. तिच्यासमोर येणारा ठराव मला दाखवण्यात आला. ज्यांचा बाप्तिस्मा पूर्ण बुडवून झालेला नाही त्यांनी तो पुन्हा घ्यावा, तोवर त्यांना पूर्ण सभासद मानू नये आणि प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीच्या भाकरीत आणि प्याल्यात, सामील करू नये, असा त्याचा मथितार्थ. ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शास्त्राला धरून राहावं एवढीच त्यांची इच्छा आहे. पण हा ठराव कोणाकोणाच्या ताटातली भाकरी उचलणार आहे ते बैठकीत हात वर करण्याआधी तुम्हाला माहीत असावं.

त्यातली एक माझी माय आहे. तिचं वय 81.

आमच्या मंडळीचं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर गेली काही वर्षं माझ्याकडे असतं. कापडी पुठ्ठ्याचं, कडेला वाळवीने थोडं खाल्लेलं. त्यात अनुक्रमांक, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, अंदाजे वय, ठिकाण, पाळकाची सही आणि शेवटी शेरा असे रकाने आहेत. ठिकाणाच्या रकान्यात नदी आहे, विहीर आहे, पाट आहे, एकदोन जागी ‘दवाखाना’ आहे. मायच्या नोंदीसमोर 1973 साल आहे, ठिकाण ‘नदीपात्र’ आणि शेऱ्यात दोनच शब्द: ‘झिऱ्याचे पाणी’.

72 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आणखी काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. 73 च्या उन्हाळ्यात गिरणा म्हणजे नुसती वाळू होती. माय आणि बाबा दुष्काळी कामावर खडी फोडत. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो, आणि त्या मिलोच्या भाकरीचा रंग पाहून मी रडायचो. मी 7 वर्षांचा होतो. मायने त्याआधी वर्षभर शिकवणी घेतली होती. अक्षरओळख नव्हती, तरी प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि येशूचे दाखले तिला तोंडपाठ होते. बाप्तिस्मा पावसाळ्यात नदीला पाणी आल्यावर द्यायचा असं ठरलं होतं. तो पावसाळा आलाच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मायच म्हणाली, आता आणखी थांबायचं नाही.

पाळक सायकलवरून आले. मंडळीतल्या दोघांनी नदीच्या वाळूत कोपरभर झिरा खणला. वाळू ढासळत होती, पाणी थेंबाथेंबाने जमत होतं, गाळ खाली बसू द्यावा लागत होता. एक तांब्या भरायला किती वेळ लागला ते मला आठवत नाही, पण पाय पोळत होते एवढं पक्कं आठवतं. माय वाळूत गुडघ्यावर बसली. पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. तांब्यात थोडं उरलं होतं. ते त्यांनी मला पाजलं. गढूळ होतं. मायच्या बाप्तिस्म्यातलं घोटभर पाणी माझ्या पोटात आहे, असं मी अजून चेष्टेने म्हणतो.

पण मायची आठवण वेगळीच आहे. आमच्या वस्तीतल्या बायकांना गावविहिरीच्या ओट्यावर पाय ठेवायला बंदी होती. खाली घागर मांडून ताटकळायचं, वरच्या बाईला दया आली तर ती भांड्याला भांडं लागू न देता वरून ओतायची. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते 1927 साली. आमच्या विहिरीपर्यंत ती ओंजळ पोचायला बरीच वर्षं लागली. म्हणजे दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी घेणं मायला रोजचं होतं. त्या दिवशी मात्र पाळकांनी उजव्या हाताने पाणी ओतलं तेव्हा त्यांचा डावा हात तिच्या डोक्यावर होता आणि ओतून झाल्यावरही तो तिथेच राहिला. पाळक वेगळ्या जातीतून आलेले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माय बाप्तिस्म्याबद्दल सांगते तेव्हा पाण्याचं एका वाक्यात सांगते आणि त्या हाताचं बराच वेळ सांगत बसते.

प्रेषित पौलाने गलतीच्या मंडळीला लिहिलं की ज्यांनी ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केलं, आता यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, पुरुष नाही, स्त्री नाही. मी हे वचन 100 वेळा उपदेशात ऐकलं असेल. ते मला कळलं मात्र मायच्या तोंडून, आणि ते वचन ती सांगत आहे हे तिला माहीतही नव्हतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. माय धाकट्या भावाकडे राहायला गेली आणि त्याच्या गावच्या मंडळीत जाऊ लागली. मंडळीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथले तरुण पाळक मनाने चांगले आहेत. भाऊ आजारी होता तेव्हा रात्रभर त्याच्या उशाशी बसले होते. पण त्यांनी मायला विचारलं, आजी, तुमचा बाप्तिस्मा कसा झाला? तिने कौतुकाने झिऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे गेलं. नंतर घरी येऊन त्यांनी समजावलं की तो शास्त्राप्रमाणे बाप्तिस्मा नव्हे, प्लास्टिकच्या मोठ्या टाकीत खुर्ची ठेवून बसवू, कोमट पाणी घेऊ, तुम्हाला काही त्रास होणार नाही.

माय आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, “माले बुडाले काय व्हतं, भाऊ? नदीमा पानीच नव्हतं.” आणि ते उठून निघाले तेव्हा तिने विचारलं, “मंग त्या दिनले वाळूमा बसेल व्हती, ती बाई कोन व्हती?”

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तुमच्या ठरावातही नाही.

सरकारकडे मात्र होतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजवर आलेले नाहीत. आम्हा भावंडांच्या दाखल्याचा प्रश्न आला तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने हेच रजिस्टर पाहिलं. पाणी किती होतं, डोक्यावर पडलं की डोक्यावरून गेलं, असं त्याने एका शब्दाने विचारलं नाही. बाप्तिस्मा झाला आहे, बाई ख्रिस्ती आहे, सवलत नाही. त्या तांब्याभर पाण्याची किंमत आमच्या घराने पुरती मोजली आहे. कारकुनाला जो बाप्तिस्मा खरा वाटला तो मंडळीला खोटा वाटावा, याचं मला हसू येतं, आणि हसू ओसरलं की झोप येत नाही.

आता शास्त्राचं बोलू. नाहीतर म्हणाल, म्हातारा मायची गोष्ट सांगून डोळ्यांत पाणी आणतो आणि मुद्दा चुकवतो.

पहिली गोष्ट, बुडवून बाप्तिस्मा देण्याच्या मी विरुद्ध नाही. माझा स्वतःचा तसाच झाला. 1985 साली, वय 19, पाटाला उन्हाळी आवर्तन चालू होतं आणि पाळकांनी मला चारीच्या तोंडाशी पाठीवर आडवं करून पूर्ण पाण्याखाली नेलं. नाकातोंडात पाणी गेलं. वर आलो तेव्हा काठावर लोक गात होते आणि पलीकडच्या बांधावर एक शेतकरी दार किती वेळ बंद ठेवणार म्हणून ओरडत होता. बाप्तिस्मा हा ग्रीक शब्द मुळात बुडवण्याचाच आहे, हे मलाही मान्य. त्याच्या सख्ख्या शब्दाने कापड रंगात बुडवणंही सांगितलं जाई. आपल्या भाषेत तो शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा आला. बंगालीत बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी त्याचं ‘बुडवणे’ असं भाषांतर केलं तेव्हा बायबल सोसायटीशी त्यांचं इतकं बिनसलं की 1840 मध्ये त्यांनी भाषांतरासाठी वेगळी संस्था काढली. म्हणजे हे भांडण आपण खानदेशात शोधून काढलेलं नाही, आपल्याकडे ते आयतं आलं.

रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तुमच्या ठरावात आधाराला घेतला आहे. बरोबरच आहे. बाप्तिस्म्याचा अर्थ त्याहून नेमका कुठे सांगितलेला नाही: आपण त्याच्या मरणात बाप्तिस्मा घेतला, त्याच्याबरोबर पुरले गेलो, यासाठी की तो मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. पाण्याखाली जाणं म्हणजे कबर, वर येणं म्हणजे पुनरुत्थान. डोळ्यांनी पाहता येतो असा हा उपदेश आहे आणि नदीला पाणी असेल तिथे तो अर्धवट करू नये, या मताचा मीही आहे. पण पुरण्याचंच म्हणाल तर आपल्या दफनभूमीत आपण प्रत्येक जण मुठीने माती टाकतो. कोणत्या मयतावर किती ब्रास माती पडली याचा हिशेब मी आजवर कोणत्या पाळकाला मागताना पाहिलं नाही. दुष्काळात जमीन दगडासारखी होते, खड्डा हातभर कमी निघतो. म्हणून मेलेला माणूस कमी मेलेला ठरत नाही.

आणि पौलच आणखी एका पत्रात म्हणतो की मोशेबरोबर मिसरातून निघालेले आपले पूर्वज मेघात आणि समुद्रात बाप्तिस्मा पावले. ते तर कोरड्या जमिनीवरून पार गेले होते. त्या दिवशी पूर्ण बुडाले ते फारोचे स्वार. (हा विनोद मी संडे स्कूलच्या पोरांना सांगतो. तुमच्यापुढे सांगितला याबद्दल क्षमा.)

जुन्या मंडळ्या काय करत हे पाहायचं तर ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या नावाने ओळखली जाणारी एक छोटी पुस्तिका आहे. ती पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानतात. शतकानुशतकं ती हरवली होती, 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका हस्तलिखितात सापडली, 1883 मध्ये छापली गेली. तिचा सातवा अध्याय वाचताना मला वाटतं की लिहिणाऱ्याने आमचा भाग पाहिला होता. ती म्हणते, वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट पाण्यात. आणि यातलं काहीच नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. शिवाय देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपास करावा.

हा क्रम नीट पाहा. उत्तम काय ते आधी सांगितलं, मग पाण्याची उणीव पडेल तसं खाली खाली येत गेले, पण कुठेही ‘आता हा बाप्तिस्मा नव्हे’ अशी रेघ ओढली नाही. नाव मात्र शेवटपर्यंत तेच. आमचे सायकलवरचे पाळक ग्रीक शिकलेले नव्हते. ती पुस्तिका त्यांनी पाहिली असेल असंही वाटत नाही. वाळूत बसून त्यांनी अक्षरशः तिच्याप्रमाणे केलं. उपासाची तर त्या वर्षी वेगळी आज्ञा लागतच नव्हती.

तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याला कोणीतरी हाच प्रश्न विचारला होता. आजारी माणसाला अंथरुणावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला, तो पुरा ख्रिस्ती म्हणायचा का? त्याने उत्तर दिलं की पुरा. देवाची देणगी पाण्याच्या मापाने कमीजास्त होत नाही, हा त्याच्या सांगण्याचा रोख. आणि हा सिप्रियन काही सैल माणूस नव्हता. पाखंडी मंडळ्यांतून आलेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा म्हणून तो रोमच्या बिशपाशी भांडला होता. इतका कडक माणूसही पाण्याच्या मापावर अडून बसला नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या अध्यायात पौलाने इफिसच्या शिष्यांना पुन्हा बाप्तिस्मा दिलाच की. दिला. पण का, ते तिथेच लिहिलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता, पवित्र आत्मा आहे हेसुद्धा त्यांनी ऐकलं नव्हतं. पौलाने त्यांना ‘कशाचा बाप्तिस्मा’ असं विचारलं, किती पाण्याचा असं नाही. आणि त्याच इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा हे शब्द आहेत. दर रविवारी ज्या मंडळ्या मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणतात त्यांच्याही तोंडी पापांच्या क्षमेसाठी ‘एकच’ बाप्तिस्मा असतो. दुसरा दिला की पहिल्या वेळी देवाने जे नाव घेऊ दिलं ते फुकट गेलं असं म्हणणं आलं. तेवढी हिंमत माझ्यात नाही.

पौलाचंच आणखी एक. करिंथच्या लोकांना तो सांगतो की मी क्रिस्प आणि गायस यांना बाप्तिस्मा दिला, मग आठवून म्हणतो, हो, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला, याशिवाय कोणाला दिला असेल तर आता आठवत नाही. रजिस्टर सांभाळणारा माणूस म्हणून मला हे वाक्य फार आवडतं. एवढा मोठा प्रेषित, आणि नोंदवही नाही! लोक मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा म्हणून बाप्तिस्मा देणाऱ्याच्या नावाने तट पाडू लागले होते, म्हणून त्याला ते लिहावं लागलं. आपण आता देणाऱ्याच्या नावाऐवजी टाकीच्या खोलीने तट पाडतो आहोत.

एक इतिहास मात्र सांगायला जड जातं. 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी ठरवलं की तान्हेपणीचा बाप्तिस्मा पुरेसा नाही, समजून उमजून विश्वास ठेवणाऱ्यालाच तो द्यावा. त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचं म्हणणं आज आपल्यातल्या बहुतेकांना पटेल, मलाही बरंचसं पटतं. 5 जानेवारी 1527 ला त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला हातपाय बांधून लिम्मात नदीत बुडवून मारलं. मारणारे ख्रिस्ती होते, धर्मसुधारणा मानणारे होते. पुन्हा पाण्यात जायचं आहे ना, मग जा, असा तो क्रूर विनोद होता. आपण कोणाला नदीत बुडवत नाही, ठाऊक आहे. पण पाण्याच्या रीतीवरून माणूस आत की बाहेर ठरवण्याची सवय कुठवर जाते ते त्या नदीने दाखवलं आहे. तेव्हा छळ झाला तो पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा, आज तोच पुन्हा बाप्तिस्मा न घेणाऱ्यांच्या माथी मारायचा, एवढाच फरक.

यातून वाट काढता येते, आणि ती फार लांब काढलेली नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि जाणत्यांनाच बुडवणारे बाप्टिस्टही होते. वाटाघाटी कित्येक वर्षं चालल्या, आणि बाप्तिस्मा हाच त्यांतला एक अवघड दगड होता. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. तान्हेपणी बाप्तिस्मा घेतलेल्याने मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. ज्यांना आपल्या मुलाने जाणतं होऊनच घ्यावा असं वाटतं त्यांनी तान्ह्याचं समर्पण करायचं. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही, पण एकमेकांचा बाप्तिस्मा खोटा न ठरवता एका टेबलाशी बसता येतं, हे आपल्याच मुलखाशेजारी झालेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही बोलतो. फक्त तरुण पाळकांना झोडपून मी मोकळा होणार नाही. शिंपडण्याच्या परंपरेतल्या काही घरांनी बाप्तिस्म्याचं बारसं करून टाकलं आहे. पांढरा झगा, केक, मंडप, फोटोवाला, आणि ते लेकरू पुढे मंडळीला दिसतं ते लग्नाच्या चिठ्ठीसाठी. आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी दिलेली वचनं त्या केकबरोबर संपतात. तरुण पाळकांचा राग तिथून आलेला आहे, आणि तो राग खोटा नाही. पेत्र म्हणतो, बाप्तिस्मा म्हणजे अंगावरचा मळ काढणं नव्हे, तो चांगल्या विवेकाने देवाशी केलेला करार आहे. कराराची आठवणच नसेल तर थेंबभर काय आणि डोहभर काय, दोन्ही सारखंच.

बुडवणाऱ्यांकडेही बघा. शिकवणी 2 शनिवारांची, बाप्तिस्मा रविवारी, आणि सोमवारी मोबाइलवर फोटो की आज इतके आत्मे पाण्यात उतरले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातले किती उरले हे कोणी कळवत नाही. कालव्यावर याला आम्ही मुखाशी सोडलेलं पाणी म्हणायचो. कागदावर ते भरपूर असतं. टेलला जाऊन पाहिलं तर चारी कोरडी. शिवाय येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीची सहल करून तिथे पुन्हा बाप्तिस्मा घेऊन येणारेही आहेत. येताना बाटली भरून आणतात. अरामाचा कुष्ठरोगी सेनापती नामान याला नेमकं उलटं वाटलं होतं. त्याला आपल्या दिमिष्काच्या नद्या यार्देनपेक्षा बऱ्या वाटत होत्या, आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला बरं होण्यासाठी त्या गढूळ यार्देनेतच जायला लावलं. आपल्याला आता गिरणा, तापी, पांझरा कमी वाटू लागल्या.

या ठरावाचा मार सगळ्यात जास्त कोणावर बसणार आहे, याचा विचार झालेला दिसत नाही. सुनांवर. आपल्या मुलांना मुली नगर, जालना, नाशिककडच्या घरांतून येतात. तिकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांत लहानपणी पाणी शिंपडून बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणं, ही पिढ्यांची रीत. पोरगी माप ओलांडून सासरी येते. गाव नवं, घरात अहिराणी, ती ऐकून बिचारी गोंधळलेली. आणि पहिल्याच महिन्यात तिला सांगायचं की तुझा बाप्तिस्मा बाप्तिस्मा नव्हता? म्हणजे तिच्या आईबापांनी, आजीने, तिच्या पाळकाने जे केलं ते सगळं पाण्यात गेलं. ती नाही म्हणू शकत नाही. सासरी कोणती सून पहिल्या महिन्यात नाही म्हणते? मग ती टाकीत उतरते. तो तिचा विश्वास असतो की सासूचा धाक, हे तुम्ही कोणत्या रकान्यात लिहिणार? ज्या बाप्तिस्म्यात स्वखुशीवर तुमचा एवढा भर, तोच तुम्ही धाकाने देणार.

पांझरेकाठची फडपद्धत तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. बंधाऱ्याचं पाणी फडाफडाने, म्हणजे शेतांच्या गटागटाने फिरायचं आणि कमी पडलं तर तोटा सगळे मिळून सोसायचे. टेलच्या माणसाच्या वाफ्यात एखाद्या वर्षी जेमतेम ओल पोचायची. तरी त्याचं नाव फडाच्या यादीतून कोणी खोडलं असं मी ऐकलेलं नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यासाठी काय काय सोडावं लागलं ते मराठी माणसाला सांगायला नको. त्याच टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा दिली. मी तितका पुढे जायला सांगत नाही. टिळकांचं ते पाऊल तेव्हाही अनेकांना झेपलं नाही आणि बाप्तिस्म्याशिवाय मंडळी ही कल्पना मला स्वतःलाही अवघड जाते. माझं मागणं फार खालच्या पायरीवरचं आहे. ज्यांनी घेतलेला आहे त्यांना तरी घेतलेला म्हणा.

ठरावातलं पुन्हा बाप्तिस्म्याचं कलम काढून टाका. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा, मग तो कोणत्या मंडळीत, कोणत्या वयात, किती पाण्यात झालेला असो, आपल्या मंडळ्यांनी मान्य करावा. लहानपणी घेतलेल्याला आज मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची असेल तर देऊ द्या. ती ऐकायला मी पहिल्या बाकावर असेन. नव्याने येणाऱ्यांना नदीला पाणी असेल तर नदीतच न्या आणि पूर्ण बुडवा, मी काठावर टॉवेल घेऊन उभा राहीन. शिकवणी मात्र वर्षाची ठेवा. शेऱ्याच्या रकान्यात दर वर्षी एक ओळ लिहा: हा माणूस कुठे आहे, कसा आहे, त्याच्याकडे शेवटचं कोण गेलं होतं.

आणि हे सगळं मान्य व्हायला वेळ लागणार असेल तर निदान भाकरीचं ताट कोणासमोरून पुढे नेऊ नका. मायच्या समोरून ते 5 वेळा पुढे गेलं आहे. ती घरी येऊन त्याबद्दल काही बोलत नाही. त्या रविवारी जेवत नाही एवढंच.

बैठकीला मी येणार आहे. रजिस्टर बरोबर आणीन. ज्यांना ती नोंद पाहायची असेल त्यांनी पाहावी, पानं जपून उलटावीत. मायलाही यायचं आहे. तिला आता जिना चढवत नाही, तेव्हा बैठक वरच्या हॉलऐवजी खालच्या खोलीत ठेवली तर बरं होईल. पंख्याखाली एक खुर्ची लागेल. पाण्याचा तांब्या आम्ही घरून आणू.

आपला प्रभूमधला बंधू,
गिरणाकाठचा एक निवृत्त कालवा निरीक्षक